खताच्या ढिगातल्या तीन मुठी

मुरबे
सोमवार, ६ जानेवारी २०२५

भागी,

तुझं नाव भाग्यश्री. तुझ्या आजीचं नाव नर्मदा. आणि दिवाळीत बोंबलाची चटणी भरून तू जो घेऊन गेलीस, तो स्टीलचा मोठा डबा माझा. तिन्ही गोष्टी तू विसरली असशील, म्हणून आधी त्या लिहून घेतल्या.

तू फोन करतेस, नाही असं नाही. पण फोनवर मला तुझं "हां आजी, हां आजी" एवढंच ऐकू येतं, आणि मी काय बोलले ते न ऐकताच तू ते म्हणतेस, हेही कळतं. म्हणून हे पत्र. मी सांगते, तुझी आई लिहिते. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्प बसता येत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. (हेही लिहायचं का, असं मी विचारलं. लिही म्हणाल्या. – आई)

पत्र चंद्रकांताच्या पाटीतून येईल. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बोईसरच्या बाजारात बसते, हे तुला ठाऊक आहे. मासे घेताना तिला तोंड दाखव आणि उत्तर तिच्याच हाती दे. पोस्टापेक्षा ती लवकर पोचते आणि तिकीट लागत नाही.

आता कामाचं. तुझी सहा महिन्यांची उमेदवारी या महिन्याच्या अखेरीस संपते. पक्की झालीस तर बोईसरला, म्हणजे आमच्या पायरीवर. नाही झालीस तर पुण्याला मामाकडे जाऊन दुसरी नोकरी शोधणार, असं तुझी आई डाळीला फोडणी देताना बोलली. फोडणी करपली. पक्कं व्हायला तुला म्हणे कसली तरी तपासणी करून दाखवायची आहे. ती कसली, ते मला समजेल असं सांग. मला समजलं नाही तर तुलाही समजलेलं नाही, असं मी धरून चालेन.

तुझी आजी


बोईसर
शुक्रवार, १० जानेवारी

आजीस नमस्कार. आईलाही, कारण वाचणार तीच आहे.

पत्र मिळालं. माझ्याआधी ते हेतलच्या नाकाला मिळालं. हेतल म्हणजे माझ्या खोलीतली मैत्रीण, घरचं सगळं शाकाहारी. तिने पत्र चिमट्याने धरून खिडकीच्या दोरीवर वाळत टाकलं आणि म्हणाली, "पहले इसकी बास जाने दे, फिर पढ." डबा जागेवर आहे. विसरलेली नाही, लाजतेय. चटणी कधीच संपली.

आता तपासणी. आमची कंपनी शीतखोल्यांसाठी प्रोग्राम लिहिते. खोलीतला तापमापक दर मिनिटाला आतली थंडी कळवतो, आणि ती कमी झाली की प्रोग्राम मालकाच्या फोनवर भोंगा वाजवतो. हा प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहितात. माणूस लिहितो म्हणजे चुकतो. म्हणून आमच्याकडे एक तपासनीस आहे. तोही प्रोग्रामच. तो आमचं काम चालवून बघत नाही, नुसतं वाचतो आणि चूक दिसेल तिथे लाल खूण करतो. तू मासा न कापता नुसता कल्ला उघडून सांगतेस ना, तसा.

मी आले तेव्हा खुणा होत्या नऊ हजार दोनशे चौदा. एवढी यादी कोण वाचणार? कोणीच वाचत नव्हतं. लाल दिसलं की सगळे मान वळवायचे. इंद्रजीत सर म्हणाले, "भाग्यश्री, ये लिस्ट पढ़ने लायक बना दो. महीने के आखिर तक हरा दिखा, तो तुम पक्की." एक फेब्रुवारीला नवा प्रोग्राम एका शीतखोलीत बसवायचा आहे. खुणा मिटल्याशिवाय तो बाहेर जाणार नाही आणि माझं पक्कं केल्याचं पत्रही सरांच्या खणातून बाहेर येणार नाही.

मी उपाय शोधलाय. त्या खुणांतल्या बहुतेक आमच्या कामावरच्या नाहीतच. म्हणून तपासनीसाला सांगणार आहे की हे दोन कप्पे तू बघूच नकोस. झालं.

तुझी भागी


मुरबे
सोमवार, १३ जानेवारी

भागी,

तुझी आई तुझं पत्र दोनदा वाचून दाखवायला तयार होती. मी एकदाच ऐकलं आणि जेवले नाही. (जेवल्या. भात कमी घेतला. – आई)

नऊ हजार खुणा आल्या, म्हणून तू तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर फडकं बांधणार? मला आपला तो पापलेटवाला आठवला. वर चार ताजे, खाली शिळे, मध्ये बर्फाचा थर. गिऱ्हाईक म्हणालं, "खालचे दाखव." हा म्हणाला, "खालचे मोजायचे नाय, ते आतल्या गिऱ्हाइकाचे हाय." त्यानंतर मनोरच्या बाजारात त्याच्या टोपलीसमोर कोण थांबलं नाही. आता तो कोंबड्या विकतो.

तुझ्या बापाला सांगितलं नाही. प्रदीप पहाटेच होडी घेऊन गेला, परवा येईल. आला की त्याला सांगेन, पोरगी शिळ्या माशांवर गोणपाट टाकायला शिकली. तोवर तुला खुलासा करायला सवड आहे.

पक्की नाही झालीस तरी चालेल. पुणं काही विलायत नाही. पण झाकून पक्की झालीस तर या घरात ताट वाढताना मी तुझ्या ताटातला मासा आधी उलटा करून बघेन.

तुझी (अजून तरी) आजी


बोईसर
शुक्रवार, १७ जानेवारी

आजी,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग हेतलने पापलेटवाला कोंबड्या विकतो ते दोनदा वाचायला लावलं आणि आम्ही हसत बसलो. आता नीट सांगते. मी घाईत सांगितलं होतं.

पहिला कप्पा. या प्रोग्रामचा मोठा भाग आम्ही लिहितच नाही. आम्ही फक्त नमुना देतो, की तापमापक असा, खोली अशी, आणि त्यावरून एक यंत्र तीनशे बारा फाइली लिहून देतं. प्रत्येकीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, हे यंत्राने लिहिले आहे, हात लावू नये. ते लिखाण ओबडधोबड असतं, पण चालतं. त्यात सुधारणा करण्यात अर्थ नाही, कारण यंत्र पुन्हा चालवलं की पुन्हा तसंच येणार. तू टोपलीत मासळी निवडतेस तेव्हा बर्फाचे तुकडे निवडत बसतेस का? बर्फ खराब असेल तर बर्फाच्या कारखान्यात जाऊन भांडतेस. तसं, चूक असेल तर यंत्राचा नमुना सुधारायचा.

दुसरा कप्पा. आजोबा नवं जाळं समुद्रात न्यायच्या आधी अंगणात पसरून त्यात दगड, फुटकी मडकी, गंजलेला पत्रा टाकून ओढायचे. आठवतं? आमच्याकडेही प्रोग्राम टिकतो का ते बघायला आम्ही मुद्दाम त्याच्यात वेड्यावाकड्या गोष्टी टाकतो. रिकामा आकडा, खोटा तापमापक, तुटलेली तार. तपासनीस त्यावर ओरडतो, "अरे, हे तर फुटकं मडकं!" ओरडणारच. मडकं फुटकंच पाहिजे होतं.

या दोघांच्या मिळून नऊ हजारांवर खुणा. उरतात अठ्ठ्याऐंशी. त्या खऱ्या, आमच्या हातच्या, त्या मी एकेक बसून सुधारणार. मी खालचे मासे झाकत नाही आजी. बर्फ आणि मडकी बाजूला काढते, म्हणजे मासे दिसतील.

भागी


मुरबे
सोमवार, २० जानेवारी

भागी,

असं आधीच सांगितलं असतंस तर तुझ्या आईचा भात उरला नसता.

माफी मागायची मला सवय नाही, म्हणून वाळलेले बोंबील पाठवते आहे, वलांडीच्या दोरीवर वाळवलेले, या महिन्यातले. हेतलला सांग, पिशवीला तीन गाठी मारल्यात. तरी वास आला तर तो माझ्या मायेचा आहे.

आता बाजूला काढणं मला पटलं. आमच्या खळ्यावर तेच चालतं. जवळा वाळला की चांगला एकीकडे, आणि किडका, मातीचा, शिंपल्याचा चुरा खताच्या ढिगात. खताचा ढीग कोण निवडत नाही. वेळ कोणाला आहे? पण तो ढीग टेम्पोत भरायच्या आधी घरातली जाणती बाई त्यात तीन मुठी घालते. एक वरून, एक मधून, एक कोपरापर्यंत हात घालून तळातून. बघते आणि मगच म्हणते, "न्या." माझ्या सासूने एकदा तळातून मूठ काढली तर लखलखीत जवळा. कुणा एका सुनेने अंधार पडताना घाईत भरलेली पाटी जो ढीग जवळ दिसला त्यावर उपडी केली होती. अर्धी पाटी वाचली. त्या सुनेला मग सहा महिने "खताची राणी" म्हणायचे.

तर निवडू नकोस. पण न्या म्हणायच्या आधी तीन मुठी घाल.

आजी


बोईसर
शुक्रवार, २४ जानेवारी

आजी, आई,

हिरवं झालं. काल संध्याकाळी साडेपाचला. दोन्ही कप्पे वगळले, अठ्ठ्याऐंशी खुणा मी एकटीने मिटवल्या, शेवटच्या नऊ तर चहा न पिता. पडद्यावर हिरवं आल्यावर आख्खं ऑफिस उठून बघायला आलं. तपासनीस बसवल्यापासून पहिल्यांदा. इंद्रजीत सरांनी समोसे मागवले. म्हणाले, "इकतीस को लेटर ले लेना." पत्र टाइप होऊन तयार आहे, फक्त सही बाकी.

बोंबील मिळाले. हेतल आता खिडकीबाहेर बघत अभ्यास करते. पण काल ती विचारत होती, हे भाजल्यावर वास बदलतो का.

मुठींचं राहिलं. पण त्या तीनशे बारा फाइली यंत्राच्याच आहेत, माथ्यावर तसं लिहिलेलं आहे. यंत्र घाईत नसतं आजी, आणि त्याला अंधारही पडत नाही.

पक्की (होत आलेली) भागी


मुरबे
सोमवार, २७ जानेवारी

भागी,

समोसे पोचले. म्हणजे बातमी पोचली. तुझ्या आईने शेजारी पाच घरांत सांगितलं, मी तिला सहाव्यात अडवलं.

माथ्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, म्हणून मी आयुष्यभर आत हात घालत आले. तुला वाचता येतं, हे तुझं नुकसान.

तीन मुठी. वर, मध्ये, तळ. कंटाळा आला तर माझ्या नावाने शिव्या दे, पण घाल.

आजी


बोईसर
शुक्रवार, ३१ जानेवारी, सकाळी दहा

आजी,

हे पत्र चंद्रकांतामावशी परतायच्या आत तिच्या हाती द्यायचं आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर आईला सांग, उभ्यानेच लिहितेय.

तुझ्यावर चिडूनच मी बुधवारी तीन फाइली उघडल्या. वरची यंत्राची. मधली यंत्राची. तिसरी मुद्दाम यादीच्या अगदी तळातली घेतली. माथ्यावर तेच, हात लावू नये. खाली गेले. चाळिसाव्या ओळीजवळ कोणीतरी लिहून ठेवलं होतं, "अभी के लिए चलने दो, बाद में देखेंगे."

आजी, यंत्र असं कधीच लिहीत नाही. यंत्राला अभी नसतं आणि बाद नसतं.

मग सगळाच ढीग उपसला. यंत्र नव्याने चालवलं, त्याच्या ताज्या फाइली आणि आमच्याकडे पडलेल्या फाइली शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. तीनशे दहा तंतोतंत जुळल्या. दोन जुळल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी इथे दिपेश म्हणून मुलगा होता, आता गेला सोडून. त्याने घाईत यंत्राच्या फाइलींत हाताने भर घातली होती. माथा यंत्राचा, धड माणसाचं.

आणि ती भर वाईट आहे. तापमापकाची तार निसटली की प्रोग्रामला बिघाड कळतो. दिपेशच्या ओळी तो बिघाड पकडतात आणि गप्प गिळतात. बाहेर मागचाच आकडा दिसत राहतो. आत मासळी नासेल आणि फोनवर सगळं थंडगार दिसेल. तपासनीसाने यावर दोन वर्षांपासून लाल खूण केली होती. नऊ हजारांत ती कोणी पाहिली नाही. आणि मी कप्पाच वगळला, तेव्हा ती पुसलीच गेली.

उद्या हा प्रोग्राम शीतखोलीत जायचा आहे. अकरा वाजता सर सही करणार आहेत. सांगितलं तर हिरव्याचं लाल होईल, उद्याचं काम थांबेल आणि माझं पत्र खणातच राहील. नाही सांगितलं तर कोणालाच कळणार नाही. हेतलसुद्धा म्हणाली, आधी सही घे, मग सांग.

मावशीची गाडी आली. मी सही होण्याआधीच जाते.

भागी


बोईसर
मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजी, आई, बाबा,

सोमवारचं तुमचं पत्र आलं नाही. मी समजले, तुम्ही मला बोलू देताय.

अकराला गेले आणि सगळं सांगितलं. सरांच्या टेबलावर नमुन्याचा तापमापक असतो, मीठ घातलेल्या बर्फाच्या डब्यात ठेवलेला, त्याची तार त्यांनी स्वतः उपटली. पडद्यावर उणे अठरा. तापमापक काढून चहाच्या कपात बुडवला. उणे अठरा. आम्ही दोघं बघत बसलो. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "वाह. हमारा फ्रीज़र तो अमर है." चहा मात्र गार झाला होता.

मग खण उघडला, माझं पत्र काढलं आणि फाडलं.

आई, रडू नकोस, पुढे वाच.

म्हणाले, "इसमें लिखा था, काम पूरा किया. पूरा कहाँ हुआ है? पहले ठीक करो." शनिवार, रविवार आम्ही दोघं बसलो. दिपेशचं हाताचं काम यंत्राच्या ढिगातून उचललं आणि आमच्या फाइलींत आणलं, जिथे तपासनीस बघतो. बिघाड गिळायचा नाही, ओरडून सांगायचा, असं केलं. यंत्राचा कप्पा आता दर वेळी रिकामा करून नव्याने भरतो. तिथे कोणी काही ठेवलं तर पुढच्या खेपेला ते राहणारच नाही. कप्पे अजून वगळलेलेच आहेत आजी. ते वगळणं बरोबरच होतं. फक्त न्या म्हणायच्या आधी काय करायचं, तेही आता लिहून ठेवलंय.

काल सोमवारी इथल्या बाजारामागच्या शीतखोलीत प्रोग्राम बसला. मी स्वतः तिथे तार उपटून बघितली. भोंगा असा वाजला की बाहेर झोपलेलं मांजर कौलावर गेलं.

संध्याकाळी सरांनी नवं पत्र दिलं. पक्की. शिवाय त्यात एक ओळ जास्त आहे, "तपासणीतून जे जे वगळले जाईल ते आधी यांच्या हाताखालून जाईल." मी विचारलं, हे काय? म्हणाले, "तुम्हारी दादीवाला. तीन मुट्ठी." मी त्यांना सांगितलं होतं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. गिऱ्हाइकाचं नाव बाहेर सांगायचं नाही, असा ऑफिसचा नियम आहे. आता खोली सुरू झाली, सगळ्यांना दिसतेच आहे, म्हणून सांगते. ती शीतखोली आपल्या मुरब्याच्या बायकांच्या बचतगटाची आहे. तुझ्या.

तुझी पक्की भागी


मुरबे
गुरुवार, ६ फेब्रुवारी

पक्के भागे,

काय तर म्हणे लपवलं. डिसेंबरात गटाच्या सभेत बोईसरच्या कंपनीचा कागद आला, तेव्हा तुझ्या आईनेच तो वाचून दाखवला. खाली नाव तुमच्या इंद्रजीतचं. मी अंगठा उठवला आणि आईला म्हटलं, पोरीला बोलायचं नाय, तिला नियम असेल. (मी दोन महिने ओठ शिवून होते. – आई) म्हणजे तू माझ्यापासून लपवत होतीस आणि मी तुझ्यापासून, आणि दोघींच्या मध्ये चंद्रकांता माशांबरोबर सगळं वाहत होती. तिलाही ठाऊक होतं. तीही गटात आहे.

म्हणून सांगते, शुक्रवारचं ते वेडंवाकडं पत्र आलं तेव्हा माझी सतरा किलो कोळंबी त्याच खोलीत जायची होती. तुझी आई म्हणाली, फोन करूया, सांगूया तिला की खोली आपली आहे. मी म्हटलं, नको, तिला ठाऊक नसेल तर नसू दे. खोली आपली आहे म्हणून तिने साहेबाला सांगितलं तर ते कोळंबीसाठी झालं. परक्याच्या मासळीसाठी सांगते का, ते बघू दे. म्हणून सोमवारी पत्र लिहिलं नाही. तुझ्या बापाने मात्र तीन दिवस होडीचं इंजिन उघडून पुन्हा लावलं. त्यात बिघाड नव्हता.

मंगळवारी पत्र वाचताना तुझी आई "फाडलं" या शब्दावर थांबली ती थांबलीच. मला पुढचं वाचता येत नाही, तिला पुढचं दिसत नव्हतं. शेवटी चंद्रकांताने शेजारणीला हाक मारली. अक्षर शिकायला हवं होतं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, तेही पाच मिनिटं.

आता त्या दिपेशचं. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल राग आहे. तो कुठे असेल तिथे त्याला दोन ओळी लिही, की सापडलं, सुधारलं, काळजी नको. घाईतल्या माणसाने जवळच्या ढिगावर पाटी उपडी केली, एवढंच. खताची राणी कोण होती, ते मी तुला सांगितलं नव्हतं. मीच. तुझा बाप तेव्हा दोन महिन्यांचा होता, घरात रडत होता, आणि मला अंधाराच्या आत पोचायचं होतं. सासूने तळातून जवळा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "बरं झालं सापडला." नाव मागाहून इतर बायकांनी ठेवलं. तिने कधी घेतलं नाही.

इंद्रजीतला सांग, तापमापक बुडवायला चहा वाया घालवू नये, आमच्याकडे समुद्र आहे. आणि गटाच्या बायकांनी ठरवलंय, पुढच्या रविवारी खोलीसमोर जेवण. तू, तो, आणि हेतल. तिच्यासाठी वालाची उसळ वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पळीने.

आता डबा. कोळणीच्या घरी डबा रिकामा परत येत नाही, हेही तू विसरली असशील. हेतलची आई मेथीचे थेपले करते असं तू दिवाळीत बोलली होतीस. डबा भरून थेपले पाठव, सोबत कैरीचा छुंदा, पण तो वेगळ्या बाटलीत, थेपल्यांना लागता कामा नये. पुढच्या शुक्रवारी चंद्रकांताच्या पाटीत, माशांच्या वर, खाली नाही. आला की मी एक वरचा खाईन, एक मधला आणि एक तळातला. मगच म्हणेन, न्या.

तुझी आजी